कोर्ट उठेपर्यंत

अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून राजशेखर हिप्परगे वकिलांनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद डोळ्यांजवळ आणला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की अक्षर आपलंच आहे. सतरा वर्षांपूर्वीचं. तेव्हा ते शाईपेनानं लिहीत आणि ओळ संपली की शेवटच्या अक्षराची शेपटी उगाच लांबवत, बोलणं संपल्यावरही एखाद्यानं हात हलवत राहावा तशी. वर नक्कल विभागाचा शिक्का, कडेला झेरॉक्सची काळी पट्टी, मधे पाच-सहा ओळी. 'मी आरोपी लिहून देते की, माझ्यावरील दोषारोप मला वाचून दाखवला व तो मला समजला. मी माझा गुन्हा स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय कबूल करते. मी गरीब असून शिक्षण घेत आहे. तरी कमीत कमी शिक्षा व्हावी, ही विनंती.' खाली सही. ती तेवढी दुसऱ्या हाताची होती, एकेक अक्षर सुटं, शाळेच्या वहीवर नाव घालावं तसं काळजीपूर्वक काढलेलं. दैवशाला.

"ओळखलं का सर?" टेबलापलीकडची बाई म्हणाली.

ओळखलं नव्हतं. पस्तिशी उलटलेली, केस खांद्यापर्यंत कापलेले, पायात पांढरे बूट. धाराशिवच्या कोर्टासमोर भाड्यानं घेतलेल्या ह्या दोन टेबलांच्या खोलीत असे बूट फारसे येत नसत. पण तोंड उघडलं आणि मांजरा नदीकाठचं गाव बाहेर आलं. "कस्तुराबाईची पोरगी म्या. बांधाची केस. दोन हजार आठ."

"बांधाच्या केसी लई झाल्या गं बाई."

"चुलतीनं मणी तोडल्याचं लिवलं हुतं बघा. गळ्यातले, सोन्याचे."

"ते तर समदेच लिहितेत," वकील म्हणाले आणि हसले. दुसऱ्या टेबलावरून त्यांचा मुलगा शिवकुमारही हसला, कारण हे हसणं ह्या धंद्यातलंच होतं. बांधावरून भावकीची जुंपली, दोन काठ्या इकडून, चार शिव्या तिकडून, की ठाण्यात जाताना वाटेत कुणीतरी शहाणं माणूस सांगायचंच की नुसत्या मारामारीला कुणी विचारत नाही, मणी हिसकावल्याचं घाला, वजन येतं. मणी तिकडं घरात खुंटीला टांगलेले असत. फिर्याद देणाऱ्याला ठाऊक, लिहून घेणाऱ्याला ठाऊक, आरोपीलाही ठाऊक. पुढच्या खेपेला आरोपी फिर्यादी झाला की तोही तेच लिही. कुणी कुणाला चोर समजत नसे. भाजीत मीठ घालावं तशी चोरी घालत. त्याच हसण्याच्या भरात त्यांनी दुसरा कागद ओढला, आणि ते हसू कुठं ठेवावं हे त्यांना कळेना. इंग्रजी कागद होता. बऱ्याच चौकटी, त्यातल्या दोनांत खूण.

बाई सांगत होती आणि ती बऱ्याच जणांना हे सांगून आलेली आहे हे तिच्या आवाजावरून कळत होतं. लग्न झालं, नवरा रणधीर कंपनीतर्फे अमेरिकेला गेला, दोन हजार सोळात ती त्याच्यामागं गेली. तिथं मुलगी झाली, निकिता, आता सात वर्षांची. रणधीरला तिथं कायम राहायचं कार्ड मिळालं. हिचं मुंबईच्या वकिलातीत व्हायचं होतं, म्हणून ती गेल्या वर्षी आली, पंधरा दिवसांच्या बोलीवर. पोलिसांचा दाखला लागतो. आता जुनी रजिस्टरं संगणकात चढली आहेत. दाखल्यात चोरी निघाली, चोरीची कबुली निघाली, शिक्षा निघाली. "खिडकीतल्या साहेबानं इचारलं, तुम्ही चोरी केली का? म्या म्हणलं, न्हाई. त्यो म्हणला, मग कबूल का केलं? आता काय सांगायचं, सर? त्यानं हा कागद दिला." चौदा महिने झाले. ती माहेरी आहे. पोरगी तिकडं बापाजवळ. "पहिली खूण चोरीची. ती असली की त्या देशात घेतच न्हाईत. किती शिक्षा झाली ते बघत न्हाईत, किती हू शकली असती ते बघतेत. चोरीला तीन वर्षं."

नैतिक अधःपतन. पहिल्या खुणेपुढचं इंग्रजी वाचताना वकिलांच्या मनात तो शब्द आपोआप उमटला. बडतर्फ शिपायांच्या अपिलांत, सरपंचांच्या अपात्रतेत त्यांनी तो कितीदा लिहिला असेल. नैतिक अधःपतनाचा गुन्हा. तो नेहमी दुसऱ्या बाजूच्या माणसाला चिकटवायचा असे. समोर ही बाई पांढरे बूट खुर्चीखाली मागं ओढून बसली होती.

"दुसरी खूण खोटं बोलल्याची," ती म्हणाली. "सोळा साली फारमावर इचारलं हुतं, कदी शिक्षा झाली का. म्या 'न्हाई' लिवलं. तिकडचे वकील म्हणतेत, पहिल्यातनं वाट निघंल, लई वर्षं झाली, तवा वय बी लहान. पर खोटं बोललीस हे ठरलं की जन्माचं दार बंद. मुद्दाम बोलले न्हाई, एवढं दाखवायचंय. मला माझ्या वकिलानंच तसं सांगितलं हुतं, असं त्या वकिलानं शपथेवर लिहून द्यायचं." मग ती म्हणाली, "निकिता परवा फोनवर इचारती, आई, तू काय चोरलं हुतंस?"

शिवकुमारच्या टेबलावरचा की-बोर्ड थांबला. वकिलांनी सोमवारी ये म्हणून सांगितलं. ती गेल्यावर खुर्ची तशीच तिरकी राहिली.

रविवारी दुपारी जेवणानंतर त्यांनी घरच्या टेबलावर कागद घेतला. प्रतिज्ञापत्रात आधी स्वतःचं नाव, वय, धंदा, राहणार. मी राजशेखर माणिकप्पा हिप्परगे, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा वकिली, सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की. इथपर्यंत हात स्वतःहून गेला. एक) सन २००८ मध्ये मी सदर दैवशाला हिचे वतीने तालुक्याच्या कोर्टात काम पाहत होतो. काम पाहत होतो. काय पाहत होतो? त्यांना आठवत होती ती लोक-अदालतीची सकाळ, शनिवार, मंडपाचं कापड उन्हानं पिवळं झालेलं, बाकांवर माणसं दाटीवाटीनं, आणि नवे न्यायाधीश साहेब, तरुण, चष्मेवाले, ज्यांना जिल्ह्यात आपल्या कोर्टाचा आकडा वर दिसायला हवा होता. निकाली प्रकरणांचा आकडा. सकाळीच साहेब म्हणाले होते, हिप्परगे, तुमच्याकडं किती आहेत? आणि ते म्हणाले होते, साहेब, वीस तरी देतो. वीस देतो. जणू टोपलीतून काढून द्यायचे होते. त्या दिवशी तेवीस दिले. तेविसावी ही. वास आठवत होता, गळ्यातल्या पांढऱ्या वकिली बँडच्या खळीचा, घामानं भिजल्यावर येतो तो, आणि वेलदोड्याचा. वेलदोड्याचा वास कोर्टात कसा, म्हणून ते थांबले, आणि मग तो चहा वर आला. साहेबांनी दुपारी साडेतीनला त्यांना चेंबरमध्ये बोलावलं होतं. बशीत खारी बिस्किटं. चाळीस वर्षांच्या वकिलीत चेंबरमध्ये बसून साहेबांबरोबर पितात तसा चहा त्यांनी तेवढाच प्यायला. आधी आपली सगळी प्रकरणं उरकायची आणि मग जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तीन वाजता एकच उरलं होतं. फिर्यादी चुलती आली नव्हती.

दोन) फिर्यादी व आरोपी यांच्यात तडजोड झालेली होती. झालेलीच होती. आठ दिवसांआधी गावात पंचांपुढं बांध मोजून झाला होता, चुलती केस काढून घ्यायला तयार होती. ती येऊन साहेबांपुढं 'माझी तक्रार नाही' म्हणाली असती की पोरगी निर्दोष. कागदावर निर्दोष, कायमची. पण चुलती तीनपर्यंत आली नाही. कस्तुराबाई मंडपाच्या दोरीला धरून उभी होती. ती म्हणाली, येती म्हणलीय सर, कळंबहून येष्टीनं येती, जरा दम धरा. त्यांनी घड्याळ बघितलं. पुढची तारीख घेता आली असती, पण मग बावीसच झाली असती. त्यांनी पोरीला बाजूला घेतलं आणि स्वतःच्या गुडघ्यावर कागद ठेवून त्या सहा ओळी लिहिल्या. हे लिहिताना शाईपेन अडलं होतं का? नसावं. असलं काहीतरी आठवावं अशी त्यांना फार इच्छा झाली, पेन अडलेलं, मनात काही चुकचुकलेलं. काहीच चुकचुकलं नव्हतं. पोरगी म्हणाली होती, "सर, पर म्या तर मणी घेतलेच न्हाईत." हे मात्र त्यांना आठवलं, शब्दन् शब्द, आणि आपण हसलो तेही. "अगं, ते समद्यांस्नी ठाऊक हाय. साहेबांस्नी बी ठाऊक हाय. सही कर."

त्यांच्या पत्नी शिवकांताबाई ताकाचं भांडं ठेवून गेल्या. लिहिताना ते ओठ हलवतात, हे बाईंनी चाळीस वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नव्हतं, आज दारातून वळून म्हणाल्या, "कुणाशी बोलताव?" त्यांनी हात हलवला. बाई आत गेल्या, आणि आतून त्यांचा आवाज आला, "पोरीचं काम हाय म्हणं. शिवकुमार सांगत हुता. चौदा महिनं लेकरू लांब म्हंजे काय ते तुमाला न्हाई कळायचं." शिवकुमार लहानपणी तीन वर्षं आजोळी होता, तेव्हा ते दर रविवारी त्याला बघायला जायचे असं त्यांना नेहमी वाटत आलं होतं. आता वाटलं, दर रविवारी जात होतो का खरंच?

दोन, पुन्हा) तिचे वय त्या वेळी एकोणीस होते. हे वाक्य लिहून त्यांनी पेन खाली ठेवलं. एकोणीस. एकवीसच्या आतल्या आरोपीला पहिल्याच गुन्ह्यात तुरुंगाची शिक्षा न देता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडता येतं. त्याचा कायदा वेगळा, अर्ज एक पानाचा, आणि तसं सोडलं की पुढं कशाला अडचण राहू नये असंही त्याच कायद्यात लिहिलेलं. परीक्षेला हा प्रश्न त्यांनी सोडवला होता, गुण मिळवले होते. एक पान. साडेतीनला चहा होता. शिक्षा काय, तर कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि किरकोळ दंड. कोर्ट उठेपर्यंत म्हणजे साहेब संध्याकाळी खाली उतरेपर्यंत भिंतीकडच्या बाकावर बसायचं. बेड्या नाहीत, कोठडी नाही, पाणी प्यायला उठता येतं, शिपाई चहासुद्धा देतो. त्यांनी पोरीला सांगितलं, "ही काय शिक्षा हाय का गं? शाळेत वर्गाभाईर हुबं करतेत, तसं. हितनं गेलीस की संपलं. कुणी इचारलं तर काय झालं न्हाई म्हणायचं." आणि चेंबरच्या खिडकीतून, हातात बशी, त्यांनी बघितलं होतं: चार वाजून गेले होते आणि चुलती धापा टाकत आली होती, पदर खोचलेला, हातात पिशवी. ती येऊन पोरीशेजारी बाकावर बसली. तिनं पिशवीतून काहीतरी काढून पोरीच्या ओंजळीत घातलं, शेंगा असतील, आणि दोघी जणी, फिर्यादी आणि आरोपी, मान खाली घालून सोलत बसल्या. साहेबही खिडकीशी आले होते. म्हणाले, बघा हिप्परगे, ही लोक-अदालत. आणि राजशेखर वकिलांना त्या क्षणी आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं होतं. पुढं कितीतरी भाषणांत त्यांनी तो बाक सांगितला. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. एक तास. तिला एक तास उशीर झाला होता. तो बाक त्यांनी एवढा सांगितला की त्यावर एक माणूस शिक्षा भोगत होता हे त्यांच्याच ध्यानातून गेलं.

तीन) मी तिला वर लिहिल्याप्रमाणे सांगितले, सबब तिने मुद्दाम खोटे लिहिले नाही. हे लिहून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली, आणि ताक गरम झालेलं होतं.

सोमवारी ती वेळेआधी आली. शिवकुमारनं मसुदा आधीच वाचला होता आणि सकाळपासून तो वडिलांशी बोलला नव्हता, आता बोलला. "अप्पा, हे असं लिहायची गरज नाही. 'आरोपीचा गैरसमज झाला असावा' म्हणा. तिचंही काम होतं, आपलंही राहतं. पुढच्या महिन्यात बार असोसिएशन तुमचा सत्कार करतंय. तिथं बाक सांगणार, आणि हिकडं हे?"

"बाक न्हाई सांगत."

"मग काय सांगणार? भाषण तेवढं एकच येतंय तुम्हाला."

दैवशाला वाचत होती. ओळीवर बोट ठेवून, सावकाश, दोनदा. मग तिनं कागद टेबलावर ठेवला आणि नीट केला. "खरंय समदं," ती म्हणाली. "चुलतीनं शेंगाच दिल्या हुत्या. पर सर, ह्यानं भागत न्हाई. ते म्हणणार, वकिलानं आठ साली सांगितलं, तू सोळा साली लिवलंस. मधी आठ वर्षं. शिकली-सवरलेली बाई, पुन्हा इचारायचं हुतंस. म्या इचारलं हुतं की."

"कुणाला?"

"तुमालाच. फोन केला हुता पुण्याहून. ते न्हाई लिवलं तुमी."

वकिलांनी शिवकुमारकडं बघितलं, जसं काही त्याला माहीत असेल.

"फारम भरताना त्या प्रश्नावर माझा हात थांबला. रणधीर म्हणले, वकिलाला इचारून घे, नंबर असंल तर. आईकडनं नंबर घेतला. दुपारची वेळ, तुमी लग्नात हुता कुठंतरी, मागं बँड वाजत हुता. म्हणलात, कोण दैवशाला? म्या केस सांगितली. म्हणलात, कसली शिक्षा? न्हाई लिही. म्या म्हणलं, सर, एक ओळ खरी लिहून टाकू का, काय हुईल ते हुईल. तुमी म्हणलात," आणि इथं ती पहिल्यांदाच खिडकीकडं बघून बोलली, "लिवलंस तर हितंच ऱ्हाशील."

राजशेखर वकील लग्न शोधू लागले. सोळा सालचं लग्न. मे असेल, नाहीतर डिसेंबर. मेव्हण्याच्या मुलीचं लातूरला झालं ते पंधरा साली. परंड्याला अशिलाच्या घरचं होतं, किल्ल्याजवळच्या मैदानात, तिथं बँड होता, पण तिथं त्यांचा फोन बंद पडला होता. की तो दुसऱ्या वर्षी? कागदी ताटली, बोटांना लागलेला पाक, कानाला फोन, दुसऱ्या कानात बोट, कोण? कोण दैवशाला? असं ते स्वतःला स्पष्ट बघू शकत होते. पण ते आठवणं नव्हतं, ते नुसतं बघणं होतं. तो प्रसंग त्यांनी आत्ता बनवला होता. खऱ्या आठवणीत काहीतरी अडचणीचं असतं, सहीच्या वेळी ती मण्यांबद्दल बोलली तसं. ह्यात काहीच अडत नव्हतं. आणि तरी ती खरं बोलते आहे ह्याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती. 'लिवलंस तर हितंच ऱ्हाशील.' हे वाक्य त्यांचंच होतं. त्याची चाल त्यांची होती. ते तसंच बोलत, थोडी गंमत, थोडा धाक. अशिलांना ते आवडायचं.

"मला आठवत न्हाई," ते म्हणाले.

ती म्हणाली, "आठवतंय एवढंच लिवा की सर. खोटं न्हाई ते. झालेलंच हाय."

"फोनचा काही पुरावा?" शिवकुमारनं विचारलं.

"इतक्या जुन्या फोनची यादी मिळत न्हाई म्हणले. म्या समदीकडं फिरून आले, दादा."

"मग अप्पा, आठवत नसताना शपथेवर आठवतं म्हणून कसं लिहिणार?" आणि हे बोलून शिवकुमारलाच कसंतरी झालं, कारण त्या टेबलावरून रोज पाच-सात प्रतिज्ञापत्रं जात आणि प्रत्येकाच्या तळाशी तीच ओळ असे: वरील मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे. न वाचता लोक तिच्याखाली सह्या करत. आंगठे करत. आणि वकील बोट दाखवत, इथं, आणि इथं, आणि मागच्या बाजूला इथं. राजशेखर वकिलांनी पेन हातात घेतलं. मला आठवते की. तीनच शब्द. सही करताना पोरीनं जसा त्यांच्याकडं बघून अंदाज घेतला असेल तसा त्यांनी आता तिच्याकडं बघून घेतला. ती कागद त्यांच्याकडं सरकवत होती, तिच्याही नकळत, दोन बोटांनी. ती चौदा महिने थांबली होती. ती काही साहेबांच्या चहासाठी घाई करत नव्हती. लिहावं. हिचं लेकरू सात वर्षांचं आहे, ते विचारतं आहे. आणि तिकडच्या साहेबानं उलटून विचारलं, कोणतं लग्न, कोणतं गाव, तर? तर आपण परंडा म्हणू. बँड होता म्हणू. मग ती परंड्याच्या लग्नावर उभी राहील, आणि ते लग्न सतरा सालचं निघालं तर खोटं बोलल्याची आणखी एक खूण तिच्याच कागदावर होईल. पुन्हा माझ्याच अक्षरातली. त्यांनी लिहायला सुरुवात केली, थांबत, खोडत, आणि शेपटी न लांबवता.

चार) सदर दैवशाला म्हणते की तिने २०१६ मध्ये मला फोन करून विचारले व मी 'नाही' लिहिण्यास सांगितले. मला तो फोन आठवत नाही. तिचे म्हणणे मी नाकारत नाही. तो फोन मला आठवत नाही याचे कारण असे की, असे उत्तर मी माझ्या पुष्कळ पक्षकारांना दिले आहे आणि त्यातला कोणताही फोन मला आठवत नाही.

त्यांनी कागद शिवकुमारकडं दिला. त्यानं वाचला आणि तो उभा राहिला. "हे टाइप करू? अप्पा, हा तिचा अर्ज नाही राहिला. हे तुमच्याविरुद्धचं आरोपपत्र आहे. उद्या कुणी बार कौन्सिलला पाठवलं तर सनद जाईल."

"कर टाइप."

"आणि 'पुष्कळ' म्हणजे किती? मोघम लिहू नये, तुम्हीच शिकवलंय मला."

वकील मनातल्या मनात मोजू लागले. त्या दिवशीचे तेवीस. त्यातले कबुलीचे किती, नऊ? आणि त्याच्या पुढच्या लोक-अदालतीचे, आणि मागच्यांचे. त्यांना चेहरे येईनात, नुसती बाकावरची माणसं दिसत होती, भिंतीकडची, पाच वाजण्याची वाट बघणारी. सगळे समाधानी. जाताना सगळे पाया पडायचे. दैवशालाही पडली असेल.

"एकाचं तरी नाव सांगा, सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात आता विनंती नव्हती आणि रागही नव्हता. कामाचं बोलत होती. "तिकडचे वकील म्हणाले हुते, तुज्या वकिलानं दुसऱ्याला बी असंच सांगितलं, असं कुणी सांगणारं भेटलं तर लई मजबूत हुतंय. एक माणूस. तुमी फोन लावा, म्या बोलते त्यांच्याशी."

मोबाइलमधली नावं ते अंगठ्यानं वर सरकवत राहिले. आणि एका नावावर थांबले. ज्ञानोबा. कळंबच्या बाजारात टेम्पो चालवायचा. त्याच उन्हाळ्यातली केस, दुकानासमोर गाडी लावण्यावरून वाद, आणि फिर्यादीत घड्याळ हिसकावल्याचं घातलेलं. घड्याळ फिर्यादीच्या मनगटावरच होतं. कोर्टात त्यानं त्याच घड्याळात वेळ बघून सांगितली होती, सगळे पोट धरून हसले होते. ज्ञानोबानंही हसत हसत सही केली. दर दिवाळीला तो अजून फोन करतो.

त्यांनी फोन लावला आणि टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून.

"नमस्कार सर! आज कशी काय याद झाली गरिबाची? सांगा, काय सेवा?" मागं बाजार होता, कुणीतरी पोती मोजत होतं.

"ज्ञानोबा, ती घड्याळाची केस आठवते का तुला?"

"हो हो हो! आठवती की. आता बी सांगतो मी हॉटेलात बसलं की. तुमच्यामुळं तर सुटलो, सर, न्हाईतर ते मला चोर करून सोडत हुते. बरी याद काढली, तुमाला फोन करणारच हुतो. सोसायटीच्या निवडणुकीचा अर्ज भरलाय परवा. त्यात ते इचारतेत बघा, कदी शिक्षा झाली का म्हणून. तुमी सांगितलेलं ध्यानात हुतं. 'न्हाई' म्हणून ठोकून दिलं, शपथेवर."

दैवशाला फोनकडं बघत होती. शिवकुमारनं चेहरा खिडकीकडं वळवला.

"हॅलो? सर? आवाज येतोय का?"

"येतोय," वकील म्हणाले. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "ज्ञानोबा, जरा बाजूला ये. कुठंतरी बस. तू सुटला न्हाईस."